एकाच वावराचे तीन हिस्से

लाइन गेली तेव्हा दुकानात आठ-दहा माणसं उभी होती आणि लॅपटॉपच्या पडद्यावर लिहिलेलं होतं की अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. ७१ टक्के. आता बंद मी केला नाही, हे त्याला कोण सांगणार?

११ जून २०२५, बुधवार. माझं कृषी केंद्र समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या बाजूला एका गावात आहे. दिवस मृगाचे. यंदा पाऊस मे महिन्यातच तोंड दाखवून गेला आणि मग दडी मारून बसला. त्यामुळे गावात दोन प्रकारचे कास्तकार होते. एकानं घाईघाईत सरकी टोबली होती, दुसऱ्यानं टोबायची म्हणून थैल्या नेऊन घरात ठेवल्या होत्या. दोघेही उधारीवर.

लॅपटॉप २०१८ चा. त्याची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली, म्हणजे चार्जर निघाला की तो गेला. मी म्हणायचो, इन्व्हर्टर आहे ना. इन्व्हर्टर होता, पण त्या दिवशी त्याच्यावर पंखा होता, पॉस मशीन होतं, प्रिंटर होता, आणि कोणीतरी मोबाइलही लावून ठेवला होता. वीस मिनिटांत त्यानंही मान टाकली.

लाइन आल्यावर लॅपटॉप चालू केला. कंपनीचं चिन्ह आलं, गोल गोल फिरलं, मग ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ची तयारी चालू असल्याचं दिसलं. मग काळा पडदा. मग पुन्हा कंपनीचं चिन्ह. असं चार वेळा. पाचव्या वेळी निळ्या पडद्यावर त्यानं कबूल केलं की मला तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करता आला नाही.

बाबा काउंटरच्या बाजूच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, “किती वाजता चालू होते?”

हा प्रश्न साधा नव्हता. आमचं दुकान जून ते डिसेंबर उधारीवर चालतं. खताची विक्री पॉस मशीनवर अंगठा लावून होते. युरियाची ४५ किलोची चुंगडी २६६ रुपये ५० पैशांना गेली, कोणाच्या आधारवर गेली, ते सगळं सरकारच्या सर्व्हरवर जातं. पण त्यातले किती रुपये रोख मिळाले आणि किती कापूस निघाल्यावर मिळणार, हे त्या मशीनला कशाला माहीत असेल? ते सारं माझ्या टॅलीत, म्हणजे लॅपटॉपातल्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये. त्याआधी पंचवीस वर्षं ते बाबांच्या लाल खातेवहीत असायचं. ती वही मीच २०२१ मध्ये बंद करवली. एकच काम दोनदा कशाला, असं म्हणालो होतो. बाबांनी वही फडताळात ठेवली आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही. त्या बुधवारीही काढला नाही, हे मला जास्त लागलं.

मी मनात म्हटलं, घाबरायचं काय, बॅकअप आहे. टॅलीचा बॅकअप मी डी ड्राइव्हवर घेतो. विंडोज सी वर, बॅकअप डी वर. गेलं तर सी जाईल.

हे वाचून ज्यांना हसू आलं त्यांनी हसून घ्या.

आता त्या निळ्या पडद्यावर ‘रीसेट’ नावाचा पर्याय असतो. त्यात दोन वाटा: माझ्या फाइल ठेवा, किंवा सगळं काढून टाका. मी ‘ठेवा’ निवडलं. थोडा वेळ टक्के चढले आणि मग उत्तर आलं की रीसेट करताना अडचण आली, कोणताही बदल केलेला नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी हे एकूण चार वेळा केलं. एकदा जे बटण दाबून काम झालं नाही, ते चौथ्यांदा का होईल? पण माणूस दाबतोच. विहिरीच्या मोटारीचं स्टार्टर नाही का आपण दाबत राहतो.

ते का होत नव्हतं हे मला नंतर कळलं. माझी समजूत अशी होती की लॅपटॉपात कुठेतरी विंडोजची एक कोरी प्रत डब्यात बंद करून ठेवलेली असते आणि रीसेट म्हणजे तो डबा उघडणं. विंडोज १० मध्ये तसं नाही. रीसेट करताना तो नवं विंडोज उभं करतो ते चालू विंडोजच्याच फाइलींमधून. सोयाबीनचं घरचं बियाणं ठेवतात ना, तसं. गेल्या सालच्या पिकातूनच यंदाचं बियाणं. पण मागचं पीकच पावसात भिजून काळं पडलं असेल, तर त्यातून उगवणार काय? माझं विंडोज अर्ध्या अपडेटमध्ये भिजलेलं होतं. त्याच्यातून दुसरं उगवेना.

‘क्लाउड डाउनलोड’ असाही पर्याय तिथे दिसतो, म्हणजे बियाणं बाहेरून मागवायचं. त्याला चार जीबीच्या वर डेटा लागतो. माझ्या मोबाइलला दिवसाला दोन जीबी. शिवाय दुकानात टॉवर एक काडी, शाळेच्या ओट्यावर गेलं की तीन. लॅपटॉप आणि वायर घेऊन शाळेच्या ओट्यावर बसायची माझी तयारी होती, पण तिथे प्लग नाही.

मग मी कंपनीची स्वतःची रिकव्हरी काढली. हे वेगळं प्रकरण. चालू करतानाच एक कळ दाबायची, कुठे एफ-११ असते, कुठे आल्ट दाबून एफ-१०, प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. यात मात्र खरंच डब्यातली प्रत असते, लॅपटॉप पहिल्या दिवशी जसा होता तशी. त्यानं विचारलं, सी ड्राइव्ह पूर्ण पुसला जाईल, चालेल का? मी ‘हो’ दाबलं. एक क्षणही विचार केला नाही, कारण माझा बॅकअप डी वर होता.

पुसायच्या आधी तो स्वतःची प्रत तपासू लागला. ३८ टक्क्यांवर थांबला. अर्धा तास ३८. मग म्हणाला, रिकव्हरीची फाइल वाचता येत नाही. मी त्याला मनापासून शिव्या घातल्या. खरं म्हणजे त्या दिवशी माझ्यावर सगळ्यात मोठा उपकार त्यानंच केला होता, पण ते कळायला अजून दोन दिवस होते.

रात्री यूट्यूबवरच्या एका पोट्ट्यानं सांगितलं म्हणून काळ्या खिडकीत, म्हणजे जिथे टाइप करून आदेश देतात तिथे, डिस्क तपासणाऱ्या चेकडिस्कचा आदेश दिला, तोही खराब जागा शोधून दुरुस्त करणारा लांबलचक प्रकार. रात्रभर चालला. सकाळी पाहतो तर ११ टक्के. आतून टक-टक असा बारीक आवाज येत होता. बंद केलं.

गुरुवारी मोटरसायकलवर लॅपटॉप घेऊन हिंगणघाट गाठलं. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं झाकणही न उघडता सांगितलं, “फॉरमॅट मारा लागते भाऊ. पाचशे रुपये. डेटाची ग्यारंटी नाई.” त्याच्या पुढ्यात आणखी सहा लॅपटॉप होते, त्याचाही काही दोष नाही. मी म्हटलं, डी वरचा तरी राहील ना? तो म्हणाला, “पाहू.” या ‘पाहू’मुळे मी लॅपटॉप परत पिशवीत टाकला.

माझी भाची वर्ध्याला बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी करते. तिला फोन लावला. सगळं ऐकून ती पहिलं वाक्य बोलली ते असं, “मामा, तुमी आता काईच करू नका. कोणत्याच बटनले हात लावू नका.”

तरी फोनवरच तिनं मला एक युक्ती करायला लावली, जी मी आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. त्या निळ्या पडद्यावरून काळी खिडकी उघडायची, तिथे फक्त नोटपॅडचं इंग्रजी नाव टाइप करून एंटर मारायचं. नोटपॅड उघडतो. त्याच्या फाइल मेन्यूतून ‘ओपन’वर जायचं, खाली ‘सगळ्या फाइल’ निवडायचं, आणि समोर सगळे ड्राइव्ह दिसतात. विंडोज मेलेलं असलं तरी. तिथून फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकताही येते.

मी उघडलं आणि पोटात गोळा आला, कारण डी मध्ये माझं काहीच नव्हतं, भलतेच फोल्डर होते. भाची म्हणाली, तिथे अक्षरं बदलतात, सी ला डी म्हणेल, डी ला ई म्हणेल, नाव पाहू नका, आत काय आहे ते पाहा. ई मध्ये गेलो. ‘टॅली बॅकअप’. माझ्याच हातानं टाकलेलं नाव. मी कॉपी करायला घेतलं आणि सगळं जागच्या जागी गोठलं. माउसचा बाण पण हलेना.

“मामा, तुमचं सी अन् डी दोन डिस्कवर आहे का एकाच?”

मी म्हटलं, दोन आहेत ना, सी वेगळा, डी वेगळा.

ती थोडा वेळ गप्प बसली.

शनिवारी सकाळच्या एसटीनं ती आली. सोबत स्वतःचा लॅपटॉप, दोन पेनड्राइव्ह आणि आईनं दिलेला शेवचिवडा. एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट होतं. हे फुकट मिळतं आणि त्याची गंमत ही की लॅपटॉपच्या डिस्कला हात न लावता ते पेनड्राइव्हवरूनच चालू होतं. काहीही बसवायचं नाही. माझाच लॅपटॉप, माझाच पडदा, पण आत दुसरंच काहीतरी जिवंत, असं पाहून मला जरा विचित्र वाटलं.

तिनं पहिल्यांदा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडला. त्यात लिहून आलं, डिस्क ठीक आहे, १३६ सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे) खराब. म्हणजे पेशंट ठीक आहे, फक्त हातपाय नाहीत. मग तिनं डिस्कचं चित्र दाखवलं, एक आडवी पट्टी. पट्टीत एक तुकडा सी, एक तुकडा डी, शेवटी एक लहान तुकडा कंपनीच्या रिकव्हरीचा. एकच पट्टी.

बाबा मागून पाहत होते. म्हणाले, “मंग हे तं आपल्या वाटणीसारखंच झालं. एकाच वावराचे तीन हिस्से. धुरे वेगळे, पन इहीर एकच. इहीर आटली तं तिघंही मेले.”

भाचीला तीन वर्षांच्या कोर्समध्ये हे इतकं नीट कोणी सांगितलं नसेल. माझं विंडोज, माझा बॅकअप आणि दोन्ही बिघडले तर वाचवणारी रिकव्हरी, तिघंही एकाच फिरत्या तबकडीवर बसले होते. अपडेट अर्धवट राहिलं हे निमित्त. तबकडी आधीपासूनच जात होती, महिनाभर लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं घेत होता तो त्यामुळेच, आणि मी ते उन्हाळ्यावर ढकललं होतं. वर मी तिला चार रीसेट आणि रात्रभर चेकडिस्क करायला लावलं. धापा टाकणाऱ्या बैलाला आणखी चार तास डवऱ्याला जुंपावं तसं. जाणारी डिस्क जितकी फिरवाल तितकी लवकर जाते, म्हणून दुरुस्तीचा विचार नंतर. आधी आतला माल बाहेर काढायचा, आणि तोही क्रमानं.

तिनं मला विचारलं, “सगळ्यात महत्त्वाचं काय?” मी म्हटलं, सगळंच. ती म्हणाली, असं नाही चालत, एक नाव सांगा. मग क्रम लागला. पहिला टॅलीचा बॅकअप. दुसरं सी वरचं टॅलीचं चालू फोल्डर, ज्याचं नाव नुसता एक नंबर असतं, १०००० असा, त्यामुळे लोक ते ओळखत नाहीत आणि सोडून देतात. तिसरे बियाणं, खत, कीटकनाशक या तिन्ही परवान्यांचे स्कॅन. मग जीएसटीचे कागद. फोटो शेवटी. मला वाटलं होतं फोटोंवरून घरात भांडण होईल, पण बायको म्हणाली, “पयले उधारी काढा.”

डी वरचा बॅकअप साडेतीन मिनिटांत निघाला. सी वरच्या टॅलीच्या फोल्डरमधली सगळी चिल्लर निघाली, पण मुख्य फाइल एका खराब जागेवर बसलेली होती. तीनदा प्रयत्न केला, तीनदा अडकली. भाचीनं चौथ्यांदा केला नाही. हा तिच्यातला आणि माझ्यातला फरक. फोटो बहुतेक निघाले, २०१९ चा गिरडच्या यात्रेचा एक फोल्डर सोडून.

तर हिशेब असा झाला: बॅकअप २ जूनच्या संध्याकाळचा, लॅपटॉप गेला ११ ला. मधले नऊ दिवस गायब. आणि ते नऊ दिवस म्हणजे मृग लागतानाचे. वर्षभरात यापेक्षा जास्त उधारी दुसऱ्या कोणत्याच नऊ दिवसांत जात नाही.

नवी डिस्क बसवणं ही त्यामानानं किरकोळ गोष्ट. हिंगणघाटहून २५६ जीबीची एसएसडी आणली. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, म्हणून झटकेही सोसते. खालचे स्क्रू काढले, दोन स्क्रू रबरी पायांच्या खाली लपलेले होते, ते न पाहता ओढलं असतं तर झाकण तुटलं असतं. दुसऱ्या पेनड्राइव्हवर, आठ जीबीच्या, तिनं वर्ध्यालाच मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० भरून आणलं होतं. हे काम चालू असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरच करावं लागतं. ज्याच्याकडे एकच लॅपटॉप आहे, त्यानं तो धडधाकट असतानाच करून ठेवावं.

मला काळजी होती ती लायसन्सची. विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागेल का? नाही लागलं. कंपनीकडून विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपची किल्ली डिस्कवर नसतेच, ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. डिस्क बदलली तरी ती तिथेच. फक्त जात तीच बसवावी लागते. माझं ‘होम सिंगल लँग्वेज’ होतं, ते सेटअपनं आपणच ओळखलं आणि इंटरनेट मिळताच पावती फाडली, म्हणजे विंडोज अॅक्टिव्हेट झालं. मेकॅनिककडून ‘प्रो’ मारून आणणारे लोक मग कोपऱ्यातला ‘अॅक्टिव्हेट करा’चा शिक्का घेऊन वर्षभर फिरतात.

विंडोज बसल्यावर वाय-फाय दिसेना, कारण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय चालवणारा लहान प्रोग्रॅम, नव्हता आणि ड्रायव्हर उतरवायला वाय-फाय पाहिजे. यावर उपाय म्हणजे मोबाइल केबलनं जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग चालू करायचं, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं. पंधरा मिनिटांत उरलेले ड्रायव्हर त्यानं स्वतःच ओढले. लॅपटॉप आता वीस सेकंदांत चालू होतो. मला दरवेळी वाटतं, काहीतरी राहून गेलं असेल.

भाचीनं जाताना आणखी एक गोष्ट बजावली, ती माझ्यासाठी नव्हती, माझ्या साळ्यासाठी होती. त्याचा लॅपटॉप नवा आहे. नव्या लॅपटॉपात बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि तिची किल्ली ४८ आकड्यांची असते. ती हाताशी नसेल तर मिंट काय नि नोटपॅड काय, कोणालाच आतलं दिसत नाही. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, पण खात्याचा पासवर्ड तरी माहीत पाहिजे. साळ्याला विचारलं तर म्हणाला, पासवर्ड दुकानदारानंच ठरवून दिला होता.

आता ते नऊ दिवस.

खताचं सोपं होतं. पॉसच्या पावत्यांवर नाव, चुंगड्या, तारीख, सगळं. त्यातून रोखीचे वगळले की उधारीचे उरले. अवघड होतं सरकीचं आणि तणनाशकाचं. बाबांनी फडताळातून ती लाल वही काढली, तिची मागची पानं कोरी होती. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारू लागले, “तू मृगाच्या आधी आलता, काय नेलतं?” मला हे पटत नव्हतं. स्वतःची उधारी कोण सांगेल? पण लोक सांगत होते. एकानं तर मला आठवत नसलेली कीटकनाशकाची बाटली सांगितली. एक जण मात्र पाच थैल्या नेऊन तीन म्हणाला, आणि बाबा त्याला एवढंच बोलले, “पाच एकरात तीन थैल्या टोबल्या? लय पातय पेरलं रे.” तो हसला आणि पाच झाल्या.

आठ दिवस हे चाललं. साठा नोंदवहीशी ताळा घेतला. तणनाशक जुळलं. सरकीच्या थैल्या मात्र तीन कमी भरतात. २०२५ चा भाव ९०१ रुपये थैली, म्हणजे २,७०३ रुपये.

हे मी नोव्हेंबर २०२५ मध्ये लिहितोय. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझा प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, म्हणून सध्या सुरक्षा अपडेटची वर्षभराची वाढीव मुदत घेतली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर जातो आणि पेनड्राइव्ह माझ्यासोबत घरी जातो. विंडोजचा आणि मिंटचा असे दोन पेनड्राइव्ह तिजोरीच्या किल्लीच्या जुडग्यात ओवले आहेत. जुनी डिस्क काउंटरवर बिलांवर ठेवायला कामी येते, पंख्यानं कागद उडत नाहीत. बाबांची लाल वही पुन्हा चालू झाली आहे आणि मी काही बोललेलो नाही.

त्या तीन थैल्या अजून वहीत नावाविना आहेत. ओळ सोडून ठेवली आहे. मी परवा म्हटलं, बाबा, ते आता नुकसानीत टाकून देऊ. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “कापसाचा दुसरा येचा होऊ दे.”